न्यायासनापुढे आलेला आकडा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत ते सकाळच्या तासाला अंकगणित शिकवीत आणि दुपारच्या तासाला इतिहास. दोन्ही विषय एकाच माणसाकडे असण्याचा काळ मागे पडला. त्यांच्या स्मृतीला शोभेल असा विषय शोधताना मनात आले की जेथे गणित आणि इतिहास एकमेकांना भेटतात अशा एखाद्या जागेविषयी बोलावे. न्यायालय ही तशी जागा आहे. तेथे कधीकाळी साक्षीदार येत, मग कागद आले, आणि गेल्या शतकात आकडे येऊ लागले. आकड्याची साक्ष कशी वाचावी आणि चुकीची वाचली तर काय होते, एवढेच मला सांगावयाचे आहे. मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. गणित मी उशिरा आणि गरजेपोटी शिकलो, तेव्हा गणिताच्या शिक्षकांनी सांभाळून घ्यावे.

या विषयाची सुरुवात दूर देशी शोधण्याचे कारण नाही. आपल्याच तालुक्यातील कल्याण नगरीत, चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य (१०७६ ते ११२६) याच्या काळात, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. पुढे इंग्रजी अमदानीतील न्यायाधीश वारसाहक्काच्या निकालासाठी ज्या ग्रंथाची पाने उलटीत तो हाच. त्यातील व्यवहारकांड म्हणजे न्यायप्रक्रियेचे शास्त्र. लेख, भोग आणि साक्षी ही तीन मानुष प्रमाणे तेथे मानली आहेत. साक्षीदार सामान्यतः तिघांहून कमी नसावेत, त्यांच्यात मतभेद पडला तर बहुसंख्यांचे ग्राह्य धरावे, संख्या समान असेल तर गुणवंतांचे, आणि उभय पक्षांना मान्य असा धर्मज्ञ असेल तर एकटाही पुरे, असे ते नियम आहेत. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी कल्याणात बसलेल्या त्या पंडितासमोर दोन प्रश्न उभे होते : किती जण सांगतात, आणि सांगणारे कोण आहेत. संख्येला त्याने मान दिला. पण संख्या मोजून झाल्यावरही 'कोण' हा प्रश्न त्याने सोडला नाही.

एकोणिसाव्या शतकात हा दुसरा प्रश्न हळूहळू मागे पडला. १८३० नंतर कर्नल स्लीमन याने ठगांचा बंदोबस्त हाती घेतला. त्याचे मुख्य हत्यार म्हणजे माफीचे साक्षीदार आणि त्यांच्या तोंडून उतरवून घेतलेल्या टोळ्यांच्या याद्या व वंशावळी. निजामाच्या नोकरीत असलेला मेडोज टेलर याने १८३९ मध्ये ठगाच्या कबुलीजबाबावर इंग्रजीत कादंबरी लिहून हा विषय विलायतेत घरोघरी नेला. हाच टेलर पुढे आपल्या शेजारच्या नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहत होता. परंतु कादंबरीपेक्षा महत्त्वाचा आहे १८३६ चा तिसावा कायदा. ठगांच्या टोळीत कधीही सामील असल्याचे सिद्ध झाले की जन्मठेप, असे त्या कायद्याने ठरविले. अमुक दिवशी अमुक वाटसरूचा गळा अमुक माणसाने आवळला, हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. समूहाचे सभासदत्व हाच गुन्हा झाला.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यापुढचे पाऊल टाकले. आता टोळीत सामील होणेही नको. जातीत जन्मणे पुरे. प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झालेला हा कायदा १९११ च्या सुधारणेने मुंबई इलाख्यातही आला. नावनोंदणी, बोटांचे ठसे, ठरलेल्या वेळी हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडण्यास बंदी आणि तारेच्या कुंपणातील वसाहती. सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग येथे अशा वसाहती होत्या. आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात, पण सोलापूर ते किती लांब! पारधी, कैकाडी, कंजारभाट, मांग-गारुडी, भामटे अशी नावे या नोंदवह्यांत चढली. मुंबई राज्याने १९४९ मध्ये आणि केंद्राने ३१ ऑगस्ट १९५२ पासून तो कायदा रद्द केला. त्या शिक्क्याखालचे जगणे आतून कसे असते हे पाहावयाचे असेल तर लातूर जिल्ह्यातील लक्ष्मण गायकवाड यांचे १९८७ चे 'उचल्या' हे आत्मकथन आपल्या शाळेच्या ग्रंथालयात असावे असे मी सुचवीन.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधतो, कारण पुढच्या गणिताशी तिचा संबंध आहे. हजेरी चुकविणे, परवान्याशिवाय बाजाराला जाणे हाही त्या कायद्याखाली गुन्हाच होता. तेव्हा नोंद झालेल्या माणसाच्या नावापुढे शिक्षा साठत जात. आणि त्या शिक्षांची बेरीज दाखवून ही जमात गुन्हेगारच आहे असे म्हणता येई. जी वही माणसाला गुन्हेगार करी तीच वही तो गुन्हेगार असल्याचा पुरावा म्हणून पुढे येई. वहीतील प्रत्येक आकडा खरा आणि तरीही निष्कर्ष खोटा, असे हे प्रकरण आहे.

आता आकड्यांच्या शास्त्राकडे वळू. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात कैद्याला मुदतीपूर्वी सोडावे की नाही हे ठरविण्यासाठी अर्नेस्ट बर्जेस या समाजशास्त्रज्ञाने १९२८ मध्ये तीन हजार सुटलेल्या कैद्यांची माहिती गोळा केली आणि एकवीस बाबी निवडल्या. अनुकूल असेल त्या बाबीला एक गुण, नसेल त्याला शून्य. परीक्षेच्या गुणपत्रिकेसारखीच ही रीत. तिचा दोष शाळकरी मुलालाही कळेल : सगळ्या बाबी सारख्याच वजनाच्या कशा?

वजने ठरविण्याची रीत पुढे आली ती लोकसंख्येच्या अभ्यासातून. बेल्जियमचा गणिती व्हेरहुल्स्ट याने १८३८ मध्ये लोकसंख्या वाढताना आधी सावकाश, मग झपाट्याने आणि शेवटी पुन्हा सावकाश वाढते असे दाखविणारी एक वक्ररेषा मांडली व तिला पुढे लॉजिस्टिक हे नाव दिले. १९४४ मध्ये जोसेफ बर्कसन याने तिचा उपयोग 'होईल की नाही' अशा प्रश्नांसाठी केला आणि १९५८ मध्ये डेव्हिड कॉक्स याने त्याची पद्धतशीर मांडणी केली. तिलाच लॉजिस्टिक समाश्रयण म्हणतात. ज्या घटनेची दोनच उत्तरे असतात, म्हणजे शिक्षा झाली किंवा झाली नाही, सुटलेला कैदी परत आला किंवा आला नाही, त्या घटनेवर कोणत्या कारणाचा किती जोर पडतो हे ती शोधते.

आपल्याकडे अडतीवर तूर मापताना काट्याकडे पाहावे. दोन्ही पारडी जवळजवळ बरोबरीत असली तर मूठभर तुरीनेही काटा कलतो. एक पारडे आधीच जमिनीला टेकले असेल तर त्याच मुठीने काही हलत नाही. मूठ तीच, परिणाम मात्र पारडी कोठे होती यावर अवलंबून. ती वक्ररेषा हेच सांगते. टोकांना ती सपाट असते आणि मधल्या भागात तिचा चढ उभा असतो.

पण मुठीचे वजन ती ज्या मापात सांगते ते माप आपल्या ओळखीचे नाही, आणि सगळा घोटाळा तेथेच होतो. कुस्तीच्या फडावर पैज लावणारे 'शक्यता' म्हणत नाहीत, 'भाव' म्हणतात. एखादा मल्ल पाचांतून एकदा जिंकेल असे वाटत असेल तर त्याची शक्यता एक पंचमांश झाली. पण भाव एकास चार, म्हणजे एक चतुर्थांश. जिंकण्याच्या वेळा भागिले हरण्याच्या वेळा, हा भाव. लॉजिस्टिक पद्धत शक्यतेशी बोलत नाही, भावाशी बोलते. त्यातही भावाच्या लॉगरिथमशी, कारण त्या मापात निरनिराळ्या कारणांचे जोर सरळ बेरजेने मांडता येतात. उत्तर आले की त्याचा लॉगरिथम उलटवून आपण म्हणतो की या कारणाने भाव इतक्या पटीने वाढला. भाव इतक्या पटीने वाढला; शक्यता इतक्या पटीने वाढली असे नव्हे.

हा फरक पंडिती वाटेल. तो एका माणसाच्या प्राणाशी कसा येऊन भिडला ते सांगतो.

१३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, अटलांटा शहरातील एका फर्निचरच्या दुकानावर दरोडा पडला आणि तेथे आलेला एक गोरा पोलीस अधिकारी गोळीने ठार झाला. वॉरन मॅक्लेस्की या कृष्णवर्णीय माणसाला त्याबद्दल मृत्युदंड झाला. त्याच्या अपिलात वकिलांनी प्राध्यापक डेव्हिड बाल्डस आणि त्यांचे सहकारी पुलास्की व वुडवर्थ यांचे संशोधन पुढे ठेवले. जॉर्जियातील १९७० च्या दशकातील दोन हजारांहून अधिक खुनाच्या प्रकरणांचा तो अभ्यास होता. मारला गेलेला मनुष्य गोरा असेल तर आरोपींपैकी ११ टक्क्यांना मृत्युदंड झाला होता, कृष्णवर्णीय असेल तर १ टक्क्याला.

एवढ्यावर थांबून 'अकरा पट अन्याय' अशी आरोळी ठोकणे सोपे होते. बाल्डस थांबले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. गोऱ्यांच्या खुनांत दरोड्यासारखे गंभीर प्रकार अधिक असतील तर? म्हणून त्यांनी वंशाशी संबंध नसलेल्या ३९ बाबी हिशेबात घेतल्या आणि त्या सारख्या धरल्यावर वंशाचा जोर किती उरतो ते पाहिले. उत्तर आले ४.३. याचा लॉगरिथम, म्हणजे त्या पद्धतीचे मूळ उत्तर, सुमारे १.४६.

आता हा ४.३ वाचावयाचा कसा? पहिली गोष्ट, तो मृताच्या वंशाचा आकडा आहे, आरोपीच्या नव्हे. आरोपी कृष्णवर्णीय असण्याचा आकडा अवघा १.१ होता. 'काळ्यांना गोऱ्यांच्या चौपट फाशी' असे जे पुष्कळदा सांगितले जाते ते या संशोधनात नाही. त्यात जे आहे ते कदाचित अधिक अस्वस्थ करणारे आहे : कोणी मारले यापेक्षा कोण मेला याची किंमत न्यायव्यवस्था निराळी लावीत होती.

दुसरी गोष्ट भाव आणि शक्यतेची. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या निकालपत्रात लिहिले की गोऱ्याला मारणाऱ्या आरोपीला मृत्युदंड होण्याची शक्यता ४.३ पट आहे. हे चूक आहे, ४.३ पट आहे तो भाव. विद्यार्थ्यांनी फळ्यावर करून पाहावे. शक्यता शंभरात १ असेल तर भाव १ भागिले ९९, त्याला ४.३ ने गुणले की नवी शक्यता शंभरात सुमारे ४.२ येते, म्हणजे येथे चूक झाली तरी फारसे बिघडत नाही. परंतु शक्यता शंभरात ५० असेल तर भाव एकास एक, तो ४.३ पट झाला की शक्यता होते सुमारे ८१, म्हणजे दीड पटीच्या थोडी वर. आणि शक्यता आधीच ९० असेल तर ती ९७.५ होते. चार पट शक्यता म्हणणाऱ्याला येथे शंभरात तीनशे साठ फाशी द्याव्या लागतील!

मग ४.३ हा फुगवलेला आकडा होता काय? मुळीच नाही, आणि मला जे सांगावयाचे आहे त्याचे मर्म येथे आहे. अत्यंत क्रूर खुनांत मृताचा वंश कोणताही असो, ज्यूरी मृत्युदंड देत होती. अगदी साध्या प्रकरणांत देत नव्हती. पारडी जेथे बरोबरीत होती तेथेच ती मूठ काटा कलवीत होती. मॅक्लेस्कीचे प्रकरण नेमके त्या मधल्या पट्ट्यातले. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी आपल्या भिन्नमतात तेथले आकडे दिले : मृत गोरा असता शंभरांत ३४ जणांना मृत्युदंड, कृष्णवर्णीय असता १४ जणांना. भावांचे गुणोत्तर काढले तर येथे ते तीनच्या थोडे वर येते, शक्यतांचे अडीचच्या खाली. पण ब्रेनन गुणोत्तरांत अडकले नाहीत. त्यांनी साधी वजाबाकी केली. अशा ३४ माणसांपैकी २० जण असे, की त्यांच्या हातून मेलेला मनुष्य कृष्णवर्णीय असता तर ते जगले असते. मोठमोठ्या ग्रंथांतून न उमगलेली गोष्ट मला या एका वजाबाकीने समजली, हे कबूल करतो.

खालच्या न्यायालयाने अभ्यासाच्या पद्धतीतच दोष काढले होते. सर्वोच्च न्यायालयाने अभ्यास ग्राह्य आहे असे गृहीत धरले आणि तरीही २२ एप्रिल १९८७ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी अपील फेटाळले. न्यायमूर्ती पॉवेल यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालाचा गाभा असा : हे आकडे समूहाविषयी आहेत, याच माणसाच्या खटल्यात, याच ज्यूरीने वंशद्वेषाने निर्णय दिला, हे सिद्ध झालेले नाही.

तर्क म्हणून ही गोष्ट खरी आहे. समूहाचा आकडा एका माणसाविषयी निश्चित काही सांगत नाही. त्या वीस जणांत मॅक्लेस्की होता की उरलेल्या चौदांत, हे कोणतेही गणित सांगू शकत नाही. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे मागे वळून पाहावे. १८३६ च्या आणि १८७१ च्या कायद्यांनी समूहाची नोंद थेट माणसाच्या गळ्यात बांधली होती, तेव्हा याच माणसाने काय केले हा प्रश्न कोणी विचारला नाही. बर्जेसच्या गुणपत्रिकेवरही कैद्याचे भवितव्य समूहाच्या सरासरीने ठरत होते. शिक्षा द्यावयाची तेव्हा समूहाचा आकडा पुरेसा. तोच आकडा हातात घेऊन माणूस संरक्षण मागावयास आला की मात्र व्यक्तिगत पुरावा आणा! या दुहेरी मापाचे समर्थन मला कोणत्याही धर्मशास्त्रात किंवा संविधानात सापडलेले नाही. मिताक्षराकारांच्या दोन प्रश्नांपैकी एकच, आपल्या सोयीचा, विचारण्याची ही रीत आहे.

२५ सप्टेंबर १९९१ रोजी मॅक्लेस्कीला विजेच्या खुर्चीत देहान्त शिक्षा देण्यात आली. पॉवेल तेव्हा निवृत्त झाले होते. आपले एखादे मत बदलावेसे वाटते काय, असे त्यांच्या चरित्रकाराने विचारले असता त्यांनी याच खटल्याचे नाव घेतले. ते चरित्र १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले.

या कथेचा उत्तरार्ध आपल्या काळातला आहे. आता गुणपत्रिका संगणक तयार करतो. फ्लोरिडातील ब्रोवर्ड परगण्यात आरोपींना 'धोक्याचे गुण' देणाऱ्या कॉम्पास नावाच्या प्रणालीची २०१६ मध्ये पत्रकारांनी तपासणी केली. जे पुढे दोन वर्षांत पुन्हा गुन्ह्यात सापडले नाहीत अशा कृष्णवर्णीयांपैकी ४४.९ टक्के आणि गोऱ्यांपैकी २३.५ टक्के लोकांना प्रणालीने धोकादायक ठरविले होते. कंपनीचे म्हणणे, समान गुणांच्या काळ्या व गोऱ्या माणसांत पुन्हा अटक होण्याचे प्रमाण सारखेच आहे. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत होते. प्रश्न निराळे असले की एकाच वहीतून निराळी उत्तरे निघतात. पण आपल्याला सोलापूरच्या हजेरीची वही ठाऊक आहे. म्हणून आपण आणखी एक प्रश्न विचारू शकतो : पूर्वीची अटक ही बाब या हिशेबात निर्दोष आहे काय? ज्याच्या वस्तीत पोलीस रोज येतात त्याच्या नावावर अटका अधिक असणारच. 'पूर्वीची नोंद सारखी धरली' असे संशोधक म्हणतो तेव्हा ती नोंद कोणी केली, कशासाठी केली, हे पाहिल्यावाचून त्याचे पुढचे आकडे वाचू नयेत. ज्या बाबीने अन्याय घडविला तीच बाब 'सारखी' धरली तर अन्याय हिशेबातून अदृश्य होतो.

आपल्या देशात हे वाचन अधिकच सावधपणे केले पाहिजे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये मृत्युदंड झालेल्या कैद्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांपैकी ७४.१ टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते. हा आकडा हृदयाला भिडतो, आणि भिडावा. पण तो बाल्डसच्या ४.३ च्या जातीचा नव्हे. ज्यांना मृत्युदंड झाला त्यांचीच ही मोजणी आहे. तशाच गुन्ह्यांत ज्यांना तो झाला नाही त्यांच्यात गरीब किती, हे शेजारी मांडल्याशिवाय गरिबीने भाव किती वाढला हे काढता येत नाही. असे म्हणणे म्हणजे अहवालाला उणेपणा देणे नव्हे. त्याने विचारलेला प्रश्न वेगळा होता, आणि त्याचे उत्तर त्याने नीट दिले.

शेवटी जवळचे एक प्रकरण सांगतो, ज्यात समाश्रयण नाही, ४.३ नाही, फक्त एक वही आहे. महाराष्ट्रात २००३ मध्ये एका कुटुंबावर दरोडा पडून हत्याकांड झाले. भटक्या जमातीतील सहा मजुरांवर खटला चालला. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना मृत्युदंड दिला, उच्च न्यायालयाने तिघांचा कायम केला, सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये पुन्हा सहाही जणांना दिला. त्यांतला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेही पुढे निष्पन्न झाले. फेरविचारासाठी प्रकरण पुन्हा उघडले तेव्हा एक गोष्ट ठळकपणे पुढे आली : प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांकडील गुन्हेगारांच्या छायाचित्रांच्या वहीतून चार जण ओळखले होते, आणि ते चौघे या सहांपैकी नव्हते. त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले, प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, आणि अशा गरीब, भटक्या लोकांना खोट्याने गोवले जाण्याची शक्यता नाकारता येत नाही असे म्हटले. अटकेपासून त्या दिवसापर्यंत जवळजवळ सोळा वर्षे गेली होती.

 फळ्यावरील ३४ आणि १४ चे गणित विद्यार्थ्यांनी उद्या गणिताच्या तासाला सोडवावे, अशी मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे.